पालकांना लिहिलेले पत्र : शालेय साहसशिक्षणाच्या तयारीचा इतिहास

जयपूर शहराच्या आग्नेयेकडे जगतपुरा हे उपनगर वसलेले आहे. जुन्या जयपूरची गुलाबी तटबंदी येथून बरीच दूर राहते. येथे नव्या वसाहती आहेत, रेल्वेमार्ग आहे, नेमबाजीचे मैदान आहे आणि राजस्थान राज्य भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेचे राज्य प्रशिक्षण केंद्रही आहे. जवळच अरवलीची एक रांग झालानाच्या टेकड्यांच्या रूपाने शहराच्या अंगाशी येऊन थांबते. मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात या गावाचे नाव वाचून माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु साहसी सहलीसाठी विद्यार्थ्याला आणि त्याच्या घराला कसे तयार करावे, हा जो प्रश्न प्रत्येक माध्यमिक शाळेपुढे दर हिवाळ्यात उभा राहतो, त्याची दोन टोके या एका परिसरात सापडतात. एक टोक त्या टेकडीवर आहे, दुसरे त्या प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर.

आधी टेकडीकडे पाहू. हरियाणातील रेवाडी जिल्ह्यातल्या जोनियावास या खेड्यात जन्मलेल्या संतोष यादव शिक्षणासाठी जयपूरच्या महाराणी महाविद्यालयात आल्या आणि कस्तुरबा वसतिगृहात राहू लागल्या. खोलीतून त्यांना अरवलीच्या टेकडीवर चढत जाणारी माणसे दिसत. चढता चढता ती माणसे दिसेनाशी होत. एके दिवशी कुतूहलाने त्या स्वतः तेथे गेल्या. गिर्यारोहकांची एक तुकडी भेटली, ‘मलाही येता येईल का?’ असे त्यांनी विचारले आणि होकार मिळाला. पुढे पैसे साठवून त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्रवेश घेतला. महाविद्यालयाचे सत्र लांबले. ते संपले १९ मे रोजी आणि उत्तरकाशीला पोचायचे होते २१ तारखेला. घरी जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. म्हणून त्या थेट प्रशिक्षणालाच गेल्या आणि वडिलांना क्षमेचे पत्र लिहिले, कारण त्यांच्या परवानगीवाचून हा प्रवेश घेतला होता. १९९२ आणि १९९३ अशा लागोपाठ दोन वर्षांत एव्हरेस्टवर पोचणारी ही कन्या दोनदा ते शिखर सर करणारी जगातील पहिली स्त्री ठरली. नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून हा प्रसंग देशातील असंख्य विद्यार्थ्यांनी वाचलेला आहे.

या कथेतील शिखर सर्वांच्या लक्षात राहते, पत्र राहत नाही. शाळा चालवणाऱ्यांनी मात्र त्या पत्रापाशी थोडे थांबावयास हवे. मुलीला चढण्याची ओढ होती, टेकडी समोर होती, संस्थाही होती. नव्हता तो घर आणि डोंगर यांच्यामध्ये उभा राहून बोलणारा कोणी. तो दुवा नसला की धीट मूल न विचारता निघून जाते आणि भित्रे मूल खिडकीतच राहते. दोन्ही बाजूंनी हानीच आहे. शालेय साहसशिक्षणाचा इतिहास बहुधा शिखरांचा आणि मोहिमांचा म्हणून सांगितला जातो. खरे पाहता तो या दुव्याचा इतिहास आहे.

त्याचा आरंभही एका पत्रानेच झाला, आणि गंमत अशी की ते पत्र नेमके उलट्या दिशेने गेले होते. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राऊनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे आठवडाभराचे शिबिर भरवले. जगभरच्या स्काऊट चळवळीचे मूळ म्हणून या शिबिराची नोंद होते. परंतु शिबिराआधी बेडन-पॉवेल यांनी पालकांना पत्रे लिहिली होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. मुले तेथे काय करतील, काय शिकतील, त्यांची व्यवस्था कशी असेल, हे त्यांनी आगाऊ कळवले. मुलांनाही रिकाम्या हातांनी बोलावले नव्हते. काही गाठी शिकून यावे अशी अपेक्षा होती. खर्चाची वर्गणीही सर्वांना सारखी नव्हती. श्रीमंत खासगी शाळांतील मुलांकडून एक पौंड आणि गावातील कामकरी घरांतल्या मुलांकडून साडेतीन शिलिंग एवढीच घेतली गेली. मग मुलांच्या चार तुकड्या पाडताना ही दोन्ही प्रकारची मुले एकत्र मिसळून टाकली. सहलीचे शुल्क परवडत नाही म्हणून ‘बरे नाही’ असे कारण सांगून घरी राहणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याची आठवण शंभर वर्षांपूर्वी कोणी ठेवली होती, हे येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पुढची महत्त्वाची पायरी दुसऱ्या महायुद्धातली. शत्रूच्या पाणबुड्यांनी ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवली की जीवरक्षक होड्यांत तरुण, धट्टेकट्टे खलाशी आधी दम तोडत आणि वयस्क खलाशी तग धरत, असे जहाज कंपनीच्या चालकांच्या ध्यानात आले. शरीर कमी पडत नव्हते, अडचणीत टिकून राहण्याची सवय कमी पडत होती. जर्मनीतून आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी या कंपनीच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी शाळा काढली. ‘आऊटवर्ड बाऊंड’ हे तिचे नाव. आज ‘साहसशिक्षण’ म्हणून जे ओळखले जाते त्याची वैचारिक बैठक येथे घातली गेली. सहल ही विरंगुळ्यासाठी असते. साहसशिक्षणात अडचण मुद्दाम निवडलेली, मोजलेली आणि मुलाच्या वयाला झेपेल अशी असते. हा भेद पालकांना समजावून सांगणे आजही जड जाते.

भारतात स्काऊट चळवळ १९०९ मध्ये बंगळुरू येथे आली, पण प्रारंभी ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना त्या गणवेशात जागा नव्हती. तेव्हा देशी माणसांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी संघटना उभी केली. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने स्काऊट पथके घडवली. यातील कुंझरू यांचा धागा थेट पुण्याला येऊन मिळतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सदस्य होते आणि पुढे त्या संस्थेचे अध्यक्षही झाले. सार्वजनिक कामाला शिस्तीची आणि अभ्यासाची जोड हवी, हा गोखल्यांचा आग्रह या माणसाने मुलांच्या तंबूपर्यंत नेला असे म्हटले तर वावगे होणार नाही. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले असता भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी मोठा क्षोभ झाला आणि अनेकांनी वेगळी चूल मांडली. पालकांना पत्र लिहिण्याइतका जाणता असलेला हा गृहस्थ परक्या देशातील पालकांना ओळखू शकला नाही, हेही इतिहासाने लपवू नये.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एक संस्था झाली, पुढील वर्षी गाईड मुलींची संघटनाही तीत सामील झाली आणि पहिले राष्ट्रीय आयुक्त म्हणून कुंझरू यांची निवड झाली. राष्ट्रीय छात्रसेनेची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. म्हणजे खाकी गणवेशातील स्काऊट असो वा छात्रसैनिक असो, त्याच्या मागे पुण्याच्या संस्थेशी आयुष्य बांधून घेतलेला हा एकच गृहस्थ उभा दिसतो. या नव्या संस्थेचा दुसरा राष्ट्रीय जांबोरी मेळावा १९५६ मध्ये जयपूरला भरला. राज्यपुनर्रचना नुकतीच झाली होती, देशात भाषेवरून वातावरण तापलेले होते आणि अशा वेळी निरनिराळ्या प्रांतांची मुले राजस्थानच्या वाळूत एकमेकांच्या शेजारी तंबू ठोकत होती.

आता जगतपुऱ्याचे दुसरे टोक. तेथील राज्य प्रशिक्षण केंद्रात मुलांची शिबिरे होतात तशीच शिक्षकांचीही होतात. स्काऊट-गाईड संघटनेत पथक चालवणाऱ्या शिक्षकाला प्राथमिक, प्रगत आणि हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या चढाव्या लागतात. चाळिशी-पन्नाशीतले गुरुजी आणि बाई गळ्यात स्कार्फ बांधून रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच मारायला शिकतात, तंबूच्या खुंट्या ठोकतात, चुलीवर स्वतःचा स्वयंपाक करतात, शिट्टीच्या इशाऱ्यावर पळत येऊन रांगेत उभे राहतात. वर्गात वर्षानुवर्षे इतरांना उभे करणाऱ्या माणसाला स्वतः उभे राहावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार काहीसा विनोदी वाटतो. पण रात्री तंबूत पाणी शिरले की काय होते, अनोळखी माणसांत जेवण घशाखाली कसे उतरत नाही, घरची आठवण कोणत्या प्रहरी येते, हे ज्या शिक्षकाने स्वतः अनुभवले आहे तोच तेरा वर्षांच्या मुलाला त्याविषयी आधी सांगू शकतो. मुलांसाठीही हीच रीत आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. कोणालाही एकदम रात्रीच्या रानात नेऊन सोडत नाहीत. चळवळीचे ब्रीद एका शब्दाचे आहे: तयार. हा शब्द मुलांच्या बिल्ल्यावर असतो, पण तो आधी शिक्षकाला आणि नंतर पालकाला लागू व्हावयास हवा, ही गोष्ट बिल्ल्यावर लिहिलेली नसते.

महाराष्ट्रात या विषयाची वाट निराळी होती. सह्याद्रीसारखा पर्वत दाराशी असूनही येथील शाळांची शारीरिक शिक्षणाची कल्पना दीर्घकाळ आखाड्याची आणि मैदानाची राहिली. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार रुजवले, अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ उभे राहिले, मल्लखांब आणि लेझीम घरोघरी पोचली. ही फार मोठी परंपरा आहे. तिच्यात शरीर घडत होते, पण ते सपाट जागी आणि डोळ्यांसमोर घडत होते. पालक कुंपणाबाहेर उभे राहून पाहू शकत. डोंगर मात्र शालेय जीवनात आला तो इतिहासाच्या तासातून, शिवरायांच्या किल्ल्यांच्या रूपाने. सिंहगड, राजगड, रायगड ही दर्शनाची ठिकाणे होती. तेथे जाताना माथा टेकवण्याची तयारी केली जाई, पाय ठेवण्याची नव्हे. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने स्वतः पायी हिंडून दुर्गभ्रमणाची गोडी दोन-तीन पिढ्यांना लावली, मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था निघाली, पुढे गावोगावी गिरिभ्रमण मंडळे झाली. तरी शाळा आणि ही मंडळे यांच्यात बराच काळ अंतर राहिले. शाळेत एमसीसी होती, आरएसपी होती, स्काऊट-गाईड होते. माजी विद्यार्थ्यांना ती शनिवारची सकाळची कवायत आठवत असेल.

आणि आठवत असेल ते संमतिपत्र. सायक्लोस्टाईल केलेला, शाईचा वास येणारा अर्धा कागद. ‘माझ्या पाल्यास सहलीस पाठविण्यास माझी संमती आहे, काही बरेवाईट घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ एवढेच दोन ओळींचे. सकाळी डबा भरण्याच्या घाईत दप्तरावर ठेवून त्यावर सही होई. कोणता किल्ला, चढ किती, सोबत शिक्षक किती, जवळचे रुग्णालय कोठे, यातले काहीही त्यावर नसे आणि ते विचारायची रीतही नव्हती. गुरुजी आहेत ना, एवढ्यावर सारे चाले. हा विश्वास फार मोठा होता, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या कागदात एक करार दडलेला होता, तो असा की शाळेने धोका सांगायचा नाही आणि पालकांनी विचारायचा नाही. पालकांच्या बाजूनेही एक लपवणूक होती. मुलाला दमा आहे, मुलीला पूर्वी फिट आली होती, झोपेत चालण्याची सवय आहे, हे शाळेला सांगितले तर मूल गाळले जाईल या भीतीने घरचे गप्प बसत. दोन्ही लपवणुकी प्रेमापोटीच होत्या, आणि डोंगरावर दोन्हींची गाठ एकाच वेळी पडे.

दुर्घटनांनी हा करार मोडला. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील थलौट येथे बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाऊस नव्हता, पूर नव्हता. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले होते. नदी गुडघाभर दिसत होती म्हणून ती सुरक्षित वाटली. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले आणि महाराष्ट्रातील घराघरांत सहल या शब्दाचा अर्थच बदलला. त्यानंतर कित्येक शाळांनी समुद्र वर्ज्य केला, काहींनी सहलच बंद केली, काहींनी बागेत पाळणे असलेल्या करमणूक केंद्रांपुरते स्वतःला मर्यादित करून घेतले. या निर्णयांना दोष देणे सोपे आहे. ज्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर परवानगीचा कागद येतो त्याच्या हाताला कंप सुटणे स्वाभाविक आहे.

परंतु या काळात एक गोष्ट अशी घडली की जिची नोंद शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे व्हावी. साहसी उपक्रमात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. साहस बंद करा, असे नव्हे, तर साहसाला नियम द्या, ही त्या लढ्याची दिशा होती. दीर्घकाळ चाललेल्या या प्रयत्नांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार आणि सुटकेची व्यवस्था या गोष्टी त्यामुळे सौजन्याच्या राहिल्या नाहीत, बंधनाच्या झाल्या. दुःखाचा डोंगर कोसळलेल्या घराने इतरांच्या मुलांसाठी डोंगराची वाट बंद न करता दुरुस्त करून मागितली, हे औदार्य शब्दांत मावणारे नाही. शाळांनी निदान ते नियम कपाटातून बाहेर काढून पालकांसमोर वाचावेत, एवढे तरी देणे लागते.

त्याच २०१८ सालच्या मे महिन्यात या साऱ्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून जिल्ह्यातील आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले आणि त्यांपैकी पाच जण ८,८४८ मीटरच्या शिखरावर पोचले. जिवती, देवाडा, बोर्डा ही त्यांच्या शाळांची गावे. वर्तमानपत्रांत शिखरावरची छायाचित्रे आली, सत्कार झाले. शाळांसाठी मोलाचा भाग त्याआधीचा आहे. ही मुले चंद्रपूरहून हिमालयात एकदम गेली नाहीत. अनेकांमधून निवड होत होत ती संख्या दहावर आली. तेलंगणातील भोंगीरच्या अखंड कातळावर त्यांनी दोर, गाठी आणि पकड शिकली. मग दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेत बर्फावरचे प्राथमिक प्रशिक्षण झाले. मग लडाखच्या थंडीत शरीर पारखले गेले. आधी उष्ण कातळ, मग बर्फ, मग बर्फ आणि उंची. प्रत्येक टप्प्यात भीती थोडी वाढवत नेलेली आणि प्रत्येक टप्प्यात परत फिरण्याची वाट मोकळी ठेवलेली. हीच वाट चार वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची तेरा वर्षांची विद्यार्थिनी मालावत पूर्णा चालून गेली होती.

या मुलांचे आईवडील शेतकरी, मजूर. मूल आश्रमशाळेत ठेवताना त्या घराने एक निरोप आधीच घेतलेला असतो. समुद्र किंवा बर्फ ज्यांनी पाहिला नाही अशा माणसांना एव्हरेस्ट म्हणजे काय हे सांगायचे तर आकड्यांचा उपयोग नसतो. शहरातील पालक अपघाताची आकडेवारी विचारतो, दोराची बनावट विचारतो, विम्याची रक्कम विचारतो, आणि तरीही रात्रभर झोपत नाही. खेड्यातला पालक एकच गोष्ट पाहतो: ज्याच्या हाती मूल सोपवायचे तो माणूस खरे बोलतो की नाही. दोघांनाही उत्तर तेच द्यावे लागते. दहांपैकी पाच जण शिखरावर पोचले नाहीत, ही गोष्ट कोठेही उणेपणाने सांगू नये. ठरलेल्या जागी मागे फिरणे ही प्रशिक्षणाची परीक्षा असते आणि तीत उत्तीर्ण झालेले मूल जिवंत घरी येते. शासनाने या पाच जणांचाही बक्षीस देऊन गौरव केला, हे योग्यच झाले.

एवढ्या उंचीवरून पुन्हा शाळेच्या सभागृहात उतरले की काय दिसते? नववीच्या वर्गाला राजगडाच्या मुक्कामी सहलीला न्यायचे आहे. सूचनाफलकावर तारीख लागली आहे. पालकसभा सहलीच्या आदल्या आठवड्यात, निघण्याच्या वेळा आणि शुल्क सांगण्यापुरती भरते. ती खरे तर महिना-दीड महिना आधी भरावयास हवी, कारण तयारीला वेळ लागतो. नवे बूट निदान पंधरा-वीस दिवस पायात वागवावे लागतात, नाहीतर पहिल्याच चढावर टाचेला फोड येतो आणि फोड आलेले मूल सबंध तुकडी रेंगाळवते. रोज संध्याकाळी पाठीवर दप्तर घेऊन जिना चढणे किंवा टेकडी असेल तर टेकडी चढणे, एक रात्र घराबाहेर नातेवाइकांकडे झोपणे, स्वतःचे ताट स्वतः घासणे, मोबाईलवाचून एक रविवार काढणे, अंधारात लघवीला एकटे न जाता जोडीदाराला उठवून जाणे ही सारी तयारी घरीच होते. मुलींच्या पालकांशी मासिक पाळीविषयी मोकळेपणाने बोलावे लागते, आणि ते बोलणे बाईंनीच करावे असे नाही. वडिलांनी ऐकावे अशी व्यवस्था करावी. दम्याचा पंप कोणाच्या पिशवीत असेल, मधमाशी चावल्यावर कोणाला सूज येते, कोणाला उंचीची भीती आहे, हे शाळेला लेखी कळावे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. म्हणून अत्तर लावायचे नाही, शेकोटीचा धूर कड्याखाली करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. कारण सांगितले की मुले पाळतात. नुसता नियम सांगितला की मोडतात.

आणि शाळेनेही आपली बाजू उघडी करावी. वाट कोठे निसरडी आहे, पाण्याची टाकी कोठे आहेत आणि त्यांतले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, किती मुलांमागे एक प्रशिक्षित माणूस आहे, मोबाईलला रेंज कोठे मिळते, मूल पडले तर खाली आणायला किती तास लागतील, हे सांगावे. शेवटचा आकडा ऐकून दोन-चार पालक मूल पाठवणार नाहीत. त्यांना भित्रे म्हणू नये. पुढच्या वर्षी तेच पालक प्रश्न विचारायला पहिल्या रांगेत येऊन बसतात, असा अनेक शाळांचा अनुभव आहे. जे पालक धोका ऐकूनही सही करतात त्यांची सही मग दप्तरावरच्या घाईची राहत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये जयपूरनंतर ६६ वर्षांनी राष्ट्रीय जांबोरी पुन्हा राजस्थानात, पाली जिल्ह्यातील रोहट येथे भरली. आता प्रत्येक पालकाला रोज संध्याकाळी मुलाचे छायाचित्र फोनवर हवे असते. ते पाठवता पाठवता शिक्षकाचा एक डोळा मुलांवरून उठतो. हे पालकांना आधी सांगून ठेवलेले बरे: दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, सर्व मुले सुखरूप असल्याचा एक निरोप येईल, छायाचित्रे परत आल्यावर पाहू.

परत आल्यावरची सभा मात्र जवळजवळ कोठेच होत नाही. मुले घरी पोचली की शाळा सुटकेचा श्वास सोडते आणि हिशोबाच्या पावत्या लावण्यात गुंतते. कोण घाबरले, कोणाचा पाय मुरगळला, पाणी कोणत्या वळणावर संपले, कोणता मुलगा कोणाचे ओझे घेऊन चालला, कोठे थोडक्यात निभावले, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांच्या डोक्यात राहते आणि त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की त्यांच्याबरोबर निघून जाते. त्याची एक वही कार्यालयात हजेरीपटाशेजारी असावी. पुढच्या वर्षी मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाच्या हाती तिकिटांआधी ती वही द्यावी, आणि तिची पहिली दोन पाने पालकसभेत मोठ्याने वाचावीत.